घटक ६ : गरोदरपणातील आहारशिक्षण आणि मराठी भाषा

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला
- गरोदरपणातील योग्य वजनवाढ म्हणजे काय, हे सोप्या मराठीत सांगता येईल.
- आरोग्यविषयक संदेश श्रोत्यापर्यंत का पोहोचतो किंवा का पोहोचत नाही, याची भाषिक कारणे स्पष्ट करता येतील.
- 'जड', 'अडणे', 'भरणे', 'बाधणे' अशा नित्याच्या शब्दांमागील रूपके ओळखता येतील.
- आपल्या परिसरातील बोलीत आहारविषयक संदेश तयार करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकांत आपण जाहिरात, वृत्तपत्र आणि कार्यालयीन व्यवहार या क्षेत्रांतील मराठीचा विचार केला. या घटकात आपण आरोग्यसंवादाच्या क्षेत्रात प्रवेश करीत आहोत. मराठीच्या पाठ्यक्रमात आहाराचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका प्रसंगातून देतो.

काही वर्षांपूर्वी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका संपर्कसत्रात अंगणवाडी सेविका असलेल्या एका विद्यार्थिनीने आपला अनुभव सांगितला. तिच्या गावातील एका पहिलटकरणीचे वजन दोन महिने वाढले नव्हते. सेविकेने तक्त्यावरील वाक्य तिला दोनदा वाचून दाखवले : 'गर्भवती स्त्रीने प्रथिनयुक्त व लोहयुक्त आहाराचे सेवन करावे.' ती प्रत्येक वेळी 'बरं' म्हणाली. शेवटी सेविका दुपारी तिच्या घरी गेली. सून सर्वांच्या मागून जेवत होती आणि तिच्या ताटात अर्धी भाकरी होती. विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पयलटकरीन हाये. लई खाल्लं तर पोर वाढंल आन् अडंल."

या प्रसंगात तक्त्यावरील वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते आणि वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर होते. तरीही ते निष्फळ ठरले, कारण ते चुकीच्या व्यक्तीला, अनोळखी शब्दांत सांगितले गेले आणि घरातील खऱ्या भीतीला त्याने स्पर्शच केला नाही. भाषेच्या अभ्यासकाचे काम येथे सुरू होते.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ आशय आधी समजून घेऊ

संदेशाची भाषा घडवणाऱ्याला आशयाची नेमकी जाण हवी. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारण प्रकृतीच्या भारतीय स्त्रीचे वजन गरोदरपणात १० ते १२ किलोग्रॅमने वाढणे अपेक्षित असते. पहिल्या तीन महिन्यांत ही वाढ थोडी, साधारण एक ते दोन किलो असते. मळमळ व उलट्यांमुळे काही स्त्रियांचे वजन या काळात वाढतही नाही. त्यानंतर ते दरमहा साधारण दीड ते दोन किलोने वाढत जावे.

ही अपेक्षा सर्वांना सारखी लागू होत नाही. अमेरिकेतील 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन' या संस्थेने २००९ मध्ये स्त्रीच्या आधीच्या शरीरयष्टीनुसार मर्यादा ठरवून दिल्या. कृश स्त्रीसाठी १२.५ ते १८ किलो, सामान्य वजनाच्या स्त्रीसाठी ११.५ ते १६, जास्त वजनाच्या स्त्रीसाठी ७ ते ११.५ आणि स्थूल स्त्रीसाठी ५ ते ९ किलो अशा त्या आहेत. हे आकडे त्या देशातील स्त्रियांसाठी ठरवलेले आहेत, हे लक्षात ठेवावे. त्यांतील तत्त्व मात्र आपल्याला उपयोगी आहे : जी आधीच बारीक आहे तिने अधिक वाढायला हवे, जी जाड आहे तिने बेताने. कोणत्या स्त्रीने किती वाढावे हे तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

आता सासूबाईंच्या भीतीकडे पाहू. वाढलेले सगळे वजन बाळाचे असते, असा त्यामागील समज आहे. वस्तुस्थिती अशी की, १० ते १२ किलोंपैकी बाळाचे वजन साधारण अडीच ते तीन किलो असते. वार सुमारे अर्धा किलो, गर्भजल पाऊण ते एक किलो आणि वाढलेले गर्भाशय जवळपास एक किलो भरते. आईच्या अंगात वाढलेले रक्त एक ते दीड किलो असते. उरलेला वाटा शरीरातील पाणी, स्तनांची वाढ आणि पुढे दूध पाजण्यासाठी साठवलेली चरबी यांचा असतो. म्हणजे वाढलेल्या वजनाचा मोठा भाग आईच्या शरीराची तयारी असते.

जन्मतः २,५०० ग्रॅमपेक्षा कमी भरणारे बाळ 'कमी वजनाचे बाळ' मानले जाते. अशा बाळाला थंडी, जंतुसंसर्ग आणि दूध ओढता न येणे हे धोके अधिक असतात. दुसरीकडे, कमी खाल्ल्याने बाळंतपण सुलभ होईल याची खात्री नसते, कारण बाळंतपण अडणे हे कटीचा आकार, बाळाची स्थिती आणि कळांचा जोर यांवरही अवलंबून असते. कमी खाणाऱ्या आईचे रक्त मात्र कमी होते आणि बाळंतपणातील रक्तस्राव तिला सोसत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणूनच शासकीय आरोग्यसेवेत गरोदर स्त्रीला किमान १८० दिवस लोह व फॉलिक अॅसिडची गोळी दिली जाते.

६.२.२ 'अडणे' आणि 'भरणे' : दोन रूपके

बाळंतपणाविषयीचे मराठी शब्द एकत्र मांडून पाहा. बाई 'अडते'. तिची 'सुटका' होते. ती 'मोकळी' होते. या सर्व शब्दांमागे एकच चित्र आहे : अरुंद वाट आणि तिच्यातून बाहेर पडणारे ओझे. हे चित्र मनात असेल तर ओझे लहान ठेवावे, हा निष्कर्ष आपोआप निघतो. सासूबाईंचे बोलणे अडाणीपणाचे नव्हते. ते भाषेतील रूपकाला धरून केलेले तर्कशुद्ध बोलणे होते. शिवाय ज्या काळात जवळपास शस्त्रक्रियेची सोय नव्हती, त्या काळात अडलेली बाई डोळ्यांदेखत दगावलेली अनेक कुटुंबांनी पाहिली होती. ही भीती अनुभवातून आलेली आहे. तिची थट्टा करणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

याच भाषेत दुसरे रूपकही आहे. आपण ओटी 'भरतो'. ओटभरण करतो. नगर जिल्हा हा रब्बी ज्वारीचा प्रदेश आहे. येथील शेतकरी कणीस बाहेर पडण्याआधीच्या अवस्थेला 'पोटरी' म्हणतो आणि पुढे 'दाणा भरतो' असे म्हणतो. पोटरीत आणि दाणा भरताना पाण्याचा ताण पडला तर कणीस लहान राहते, दाणा चिमतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. 'चवथ्या महिन्यापासून पुढचा काळ म्हणजे पोटरीचा काळ' हे वाक्य शेतकरी नवऱ्याला एका क्षणात कळते.

या रूपकाची मर्यादाही ओळखली पाहिजे. स्त्रीला शेत मानले की सारे लक्ष पिकाकडे जाते आणि शेताची स्वतःची गरज विसरली जाते. आहारशिक्षणाचा हेतू केवळ चांगले बाळ हा नाही. आईचे स्वतःचे रक्त, हाडे आणि ताकद टिकणे हाही तितकाच महत्त्वाचा हेतू आहे. रूपक दार उघडण्यासाठी वापरावे आणि आत गेल्यावर वस्तुस्थिती सांगावी.

६.२.३ 'दोन जिवांची' आणि डोहाळे

गरोदर स्त्रीसाठी मराठीत गर्भवती, गर्भार, गरोदर, पोटुशी, दोन जिवांची असे अनेक शब्द आहेत. पहिला शब्द कार्यालयीन नोंदीत, तर शेवटचे दोन घरात आणि शेजारात आढळतात. 'दोन जिवांची' हा शब्द मायेचा आहे, पण त्याचा अर्थ 'दोघांचे जेवण जेवावे' असा घेतला गेल्यास तीही चूक ठरते. भारतीय शिफारशीनुसार गरोदर स्त्रीला रोजच्या गरजेपेक्षा सुमारे ३५० किलोकॅलरी अधिक लागतात. हे प्रमाण दुपटीपेक्षा पुष्कळच कमी आहे. शहरी, बैठ्या कामाच्या स्त्रियांना हा भाग आवर्जून सांगावा लागतो, कारण तेथे अतिरिक्त वजन आणि गरोदरपणातील मधुमेह हे वेगळे प्रश्न आहेत.

'डोहाळे' हा शब्द संस्कृत 'दोहद', प्राकृत 'दोहल' या मार्गाने मराठीत आला. आयुर्वेदाच्या ग्रंथांत गर्भिणीला दोन हृदयांची मानून तिच्या इच्छेचा मान राखण्यास सांगितले आहे. एरवी सुनेने खाण्याची इच्छा बोलून दाखवणे शोभत नाही, असे मानणाऱ्या घरातही या काळात 'तुला काय खावंसं वाटतं?' हा प्रश्न विचारला जातो. डोहाळजेवण ही त्या प्रश्नाला समाजाने दिलेली मान्यता आहे. मात्र हा मान बहुधा सातव्या महिन्यातील एका दिवसापुरता राहतो. आहारशिक्षणाने नवे काही लादण्यापेक्षा हाच प्रश्न रोज विचारायला लावला, तर अर्धे काम होते.

६.२.४ संबोध्य कोण? वाक्यरचनेचा विचार

'आहाराचे सेवन करावे' या वाक्यात विध्यर्थ आहे आणि भाववाचक नामावर आधारलेली क्रिया आहे. कोणी, कधी, काय आणि किती, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात मिळत नाही. आता पुढील वाक्ये पाहा.

१. ती खाते.
२. तिला खावंसं वाटतं.
३. तिला खायला मिळतं.
४. तिला वाढलं जातं.

पहिल्या वाक्यात ती कर्ती आहे. दुसऱ्यात ती इच्छेचा अनुभव घेणारी आहे. तिसऱ्या व चौथ्या वाक्यांत निर्णय दुसऱ्याच्या हाती आहे आणि ती केवळ स्वीकारणारी उरते. अनेक घरांत सून चौथ्या वाक्यात जगते आणि आरोग्यशिक्षण मात्र तिच्याशी पहिल्या वाक्यात बोलते. संदेशाचा संबोध्य बदलल्याशिवाय ही दरी भरत नाही. 'तू जास्त खा' याऐवजी 'आत्याबाई, हिला तुमच्याबरोबर जेवायला बसवा' हे वाक्य योग्य व्यक्तीला उद्देशून आहे.

'बाधणे' हे क्रियापदही असेच विचार करण्यासारखे आहे. 'पपई बाधते', 'अंडी उष्ण पडतात' अशा वाक्यांत पदार्थ कर्ता असतो आणि स्त्री असहाय असते. 'चालत नाही' म्हटले की चर्चाच संपते. येथे सरसकट 'हे सगळे खोटे' असे म्हणू नये. कच्ची पपई टाळण्याचा सल्ला डॉक्टरही देतात, पिकलेल्या पपईला मात्र हरकत नसते. 'कच्ची नको, पिकलेली चालते' या वाक्यात परंपरेचा मानही राहतो आणि ज्ञानही पोहोचते.

६.२.५ जामखेडचा अनुभव

आरोग्यसंवादात वक्त्याची भाषा किती महत्त्वाची असते, याचे ठळक उदाहरण याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावी डॉक्टर पुरणार नाहीत हे ओळखून त्यांनी गावानेच निवडलेल्या स्त्रियांना ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, शिकत, एकमेकींचे अनुभव ऐकत आणि गावात जाऊन ते चित्रे, गाणी व गप्पांतून सांगत. महिला मंडळे आणि शेतकरी मंडळे यांच्याशी हे काम जोडलेले होते, त्यामुळे आहाराचा विषय फक्त स्त्रियांपुरता राहिला नाही. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

भाषाविज्ञानाच्या दृष्टीने या प्रयोगात तीन गोष्टी घडल्या. वक्ता आणि श्रोता यांची बोली एक झाली. वक्ती स्वतः बाळंतपणे सोसलेली, प्रौढ स्त्री असल्याने सासूशी बरोबरीने बोलू शकली. आणि संदेश एकदाच सांगितला न जाता घरात, पाणवठ्यावर, बैठकीत अनेक प्रसंगी फिरत राहिला. २००५ नंतर देशभर आलेल्या 'आशा' कार्यकर्तीच्या कल्पनेतही, गावातलीच स्त्री गावाशी बोलेल, हे सूत्र आपल्याला दिसते.

६.२.६ कॅलरीपासून भाकरीपर्यंत

परिमाणांचे भाषांतर हा आरोग्यसंवादातील सर्वांत उपयुक्त भाग आहे. '३५० किलोकॅलरी' हा आकडा स्वयंपाकघरात मोजता येत नाही. पन्नासेक ग्रॅम पिठाची बाजरीची एक भाकरी, वाटीभर मटकी किंवा हुलग्याची उसळ आणि मूठभर शेंगदाणे यांतून साधारण तेवढी ऊर्जा मिळते. म्हणून संदेश असा होतो : 'रोजच्यापेक्षा एक भाकरी, एक वाटी उसळ आणि एक मूठ शेंगदाणे जास्त.' हे तीन पदार्थ नगरच्या कोरडवाहू भागातील घरांना परके नाहीत.

पोट भरणे पुरेसे नसते, हेही सांगावे लागते. पुण्याजवळील सहा गावांत १९९० च्या दशकात झालेल्या 'पुणे मातृपोषण अभ्यासा'त गरोदर होण्यापूर्वी स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. ज्या मातांच्या आहारात दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे वारंवार होती, त्यांची बाळे जन्मतः आकाराने मोठी आढळली. एकूण ऊर्जा किंवा प्रथिने यांच्याशी बाळाच्या आकाराचा असा संबंध दिसला नाही. असा संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे, तथापि भाकरीसोबत मेथी, शेपू, शेवगा, राजगिरा यांपैकी काही रोज असावे, या सल्ल्याला त्याने बळ मिळते. भाजीवर लिंबू पिळले किंवा जेवणात आवळा, पेरू असला तर लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणाबरोबरचा चहा लोह शोषण्यात अडथळा आणतो. लोहाची व कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये.

येथे 'चौरस आहार' या शब्दाकडेही पाहा. राज्य शासनाने २०१५ मध्ये अनुसूचित क्षेत्रांतील गरोदर व स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. त्या योजनेत 'एक वेळचा चौरस आहार' दिला जातो. या जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा आदिवासी भाग अशा क्षेत्रात मोडतो. 'चौरस आहार' हे इंग्रजी शब्दप्रयोगाचे भाषांतर आहे. कागदावर ते चालते, परंतु 'भरलं ताट' म्हटले की ऐकणारीच्या डोळ्यांसमोर भाकरी, भात, डाळ, भाजी उभी राहते.

६.२.७ 'कोयता' आणि 'खाडा' : भाषेच्या पलीकडे

भाषा सुधारली म्हणजे सर्व काही झाले, असा समज करून घेऊ नये. पाथर्डी, जामखेड आणि लगतच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. अवजाराच्या नावाने दोन माणसे मोजणारी ही लक्षणा आहे. मुकादमाकडून घेतलेल्या रकमेला 'उचल' आणि न भरलेल्या दिवसाच्या दंडाला 'खाडा' म्हणतात. गरोदर स्त्री 'अर्धा कोयता' असते. तिला 'दुपारी दोन तास आडवे पडा, वेळेवर जेवा' असे सांगणारा तक्ता कितीही सोप्या मराठीत असला, तरी खाड्याच्या भीतीपुढे तो टिकत नाही. गाव सुटल्याने अंगणवाडीचा शिधा आणि तपासणी यांतही खंड पडतो.

अशा वेळी संवादकाचे काम सल्ला देण्याचे कमी आणि माहिती जोडून देण्याचे अधिक असते : माता व बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवणे, मुक्कामाच्या गावातील अंगणवाडी व आशा यांना भेटणे, महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत होणाऱ्या गरोदरपणाच्या तपासणीची माहिती देणे. कोणता प्रश्न शब्दांनी सुटतो आणि कोणता सुटत नाही, हे ओळखणे हाही भाषाभ्यासाचाच भाग आहे.

६.३ सारांश

गरोदरपणातील वजनवाढ हा आई आणि बाळ दोघांच्याही आरोग्याचा प्रश्न आहे. त्याविषयीचा संदेश निष्फळ ठरतो तो शब्द परके असल्यामुळे, संबोध्य चुकल्यामुळे, परिमाण अमूर्त असल्यामुळे किंवा घरातील भीतीची दखल न घेतल्यामुळे. 'अडणे' या रूपकातून आलेल्या भीतीला 'भरणे' या रूपकातून आणि वजनाच्या हिशेबातून उत्तर देता येते. जामखेडचा अनुभव सांगतो की, वक्ता श्रोत्याच्याच भाषेतला असावा.

प्रास्ताविकातील त्या सेविकेने पुढे काय केले, ते सांगून हे विवेचन संपवतो. तिने सासूबाईंसमोर गुळाचे खडे मांडले. एवढे बाळ, एवढी वार, एवढे पाणी, एवढे रक्त, असा हिशेब दाखवला. सासूबाईंनी काही कबूल केले नाही, गूळ मात्र परत डब्यात ठेवताना त्यातला एक खडा सुनेच्या हातावर ठेवला. पुढच्या महिन्याच्या नोंदीत वजन वाढलेले होते.

६.४ पारिभाषिक शब्द

संबोध्य : ज्याला उद्देशून बोलले जाते ती व्यक्ती.
लक्षणा : शब्दाचा मूळ अर्थ बाजूला राहून संबंधित अर्थ व्यक्त करणारी शब्दशक्ती.
विध्यर्थ : कर्तव्य, योग्यता, इच्छा सुचवणारा क्रियापदाचा अर्थ.
वार : गर्भाला आईच्या शरीरातून पोषण पोहोचवणारा अवयव.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. जन्मतः किती वजनापेक्षा कमी असलेले बाळ कमी वजनाचे मानतात?
२. 'कोयता' या शब्दाच्या ऊसतोडीतील वापरात कोणती शब्दशक्ती आहे?
३. जामखेड येथील आरोग्य प्रकल्प कोणत्या वर्षी सुरू झाला?

उत्तरे : १. २,५०० ग्रॅम. २. लक्षणा. ३. १९७०.

(आ) सुमारे १५० शब्दांत उत्तरे लिहा.
१. 'अडणे' आणि 'भरणे' या रूपकांचा आहारविषयक समजुतींशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. आहारविषयक संदेशात संबोध्याची निवड का महत्त्वाची ठरते, ते उदाहरणांसह लिहा.

६.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा वस्तीतील तीन ज्येष्ठ स्त्रियांशी बोला. गरोदरपणात काय 'चालते' आणि काय 'बाधते' याविषयी त्यांनी वापरलेली वाक्ये त्यांच्याच बोलीत, बदल न करता लिहून घ्या. कोणाचेही नाव लिहू नका. त्यानंतर अंगणवाडीतील एक तक्ता निवडून त्यातील मजकूर त्याच बोलीत, सासू, नवरा आणि गरोदर स्त्री अशा तिघांना उद्देशून तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहा. आशयातील आकडे बदलणार नाहीत याची काळजी घ्या आणि लिहिलेला मजकूर वापरण्यापूर्वी आरोग्यसेविकेकडून तपासून घ्या.